कोपऱ्याला कोपरा

सोसायटीत कुणाच्या पडद्याची शिवण उसवली, कुणाच्या दप्तराची चेन अडकली, की नाव निघायचं ते तिसऱ्या मजल्यावरच्या रेवती कर्णिकचं. नाव निघायचं आणि वस्तू तिच्या दारात येऊन पडायची. "काकू, जरा बघता का," एवढं म्हणून माणूस जिना उतरायला मोकळा. आणि रेवती बघायची. लग्न होऊन बोरीवलीला आली तेव्हापासून ती बघतच आली होती. आधी सासूचं दुखणं, मग सासऱ्यांचं, मग मुलाच्या, श्रेयसच्या परीक्षा, मग नवऱ्याचं पथ्य. त्यात नोकरी. कांदिवलीच्या एका शाळेत ती मुलींना शिवण शिकवायची. पुढे शाळेने तो विषयच काढून टाकला, मशिनी गेल्या, त्या खोलीत कॉम्प्युटर आले, आणि रेवतीला लायब्ररीत बसवलं. पुस्तकांना कव्हरं घालता घालता तिची निवृत्ती झाली. त्याबद्दल तिने कुणाकडे कुरकुर केली नाही. पण साठीला टेकली तसं तिला जाणवायला लागलं, की सकाळी पलंगावरून पाय खाली सोडतानाच आपण दमलेलो असतो. दिवस अजून सुरूही झालेला नसतो.

त्यात बिल्डिंग पाडायचं ठरलं. जुनी चार मजली इमारत जाणार, तिथे टॉवर होणार, तोवर सगळ्यांनी भाड्याच्या घरात राहायचं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून तिच्या नवऱ्याने, नंदकिशोरने, यासाठी बरीच वर्षं खस्ता खाल्ल्या होत्या. आता सगळं पार पडल्यावर तो सोफ्यावर बसून म्हणायचा, "अगं, माळ्यावरचं कधी काढणार तू?" माळ्यावरचं काढायचं म्हणजे रेवतीने, हे त्याने गृहीतच धरलं होतं. ती शिडीवर चढायची, दोन डबे काढायची, उतरून जरा भिंतीला टेकायची.

अशा दिवसांत पहिल्या मजल्यावरच्या निशाने व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एक कल्पना टाकली. तळमजल्यावरच्या मृणालिनीताई ढवळे बिल्डिंगमधल्या सगळ्यात जुन्या. ऐंशी उलटलेली. त्या आता लेकीकडे नाशिकला जाणार होत्या, आणि टॉवर होईल तेव्हा परत येतील असं कुणी म्हणत असलं तरी कुणाला ते खरं वाटत नव्हतं. तर त्यांना निरोप म्हणून सगळ्यांनी मिळून एक गोधडी द्यायची. प्रत्येक घराने आपापल्या जुन्या कपड्यांचे लहान लहान चौकोन कापायचे, चार ओळी, ओळीत चार, असा एकेक तुकडा शिवायचा. खाली शेवटची ओळ होती: 'जोडायचं काम रेवतीकाकू करतील.'

रेवतीला हे कुणी विचारलं नव्हतं. ती तेव्हा फोडणी देत होती. तिने हात पुसले, फोन डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि अंगठा पाठवून दिला.

एकेक तुकडा येऊ लागला तेव्हा तिला कळलं आपण काय ओढवून घेतलंय. निशाचा तुकडा देखणा, पण बाकीच्यांपेक्षा दोन बोटं मोठा. समोरच्या विनिताबेनचा बांधणीच्या जॉर्जेटचा, हातात धरला की मासोळीसारखा निसटणारा. एकीने टी-शर्टचे चौकोन कापले होते, ते ताणले तसे वाढत होते. एका घरातून तर गोंदाने चिकटवलेला तुकडा आला. सगळ्यांचा सूर एकच, "काकू, तुम्ही घ्याल ना सांभाळून."

सांभाळून घेणं या कामात बसत नाही, हे त्या बायकांना माहीत असायचं कारण नव्हतं. लहान चौकोनांचं गणित निष्ठुर असतं. शिवणीसाठी कडेला सोडायची ती माया प्रत्येक चौकोनाला अगदी तेवढीच हवी. एका शिवणीत दोराभर फरक पडला, की ओळ संपेपर्यंत तो बोटभर होतो, आणि मग खालच्या ओळीचा जोड वरच्या जोडाखाली येतच नाही. चार कोपरे एका बिंदूत मिळायला हवेत, ते जत्रेत चुकामूक झाल्यासारखे इकडे-तिकडे उभे राहतात.

रेवतीलाही हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. श्रेयसच्या वेळी तिने पहिलं दुपटं शिवायला घेतलं तेव्हा तिचाही एक कोपरा धड जुळेना. अलिबागहून तिची मालनआत्या आली होती. आत्याने दुपटं उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "इस्त्री आण." मग तिने पहिल्या ओळीच्या सगळ्या शिवणींची माया उजवीकडे दाबली, दुसऱ्या ओळीची डावीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवल्या तर दोन्हीकडचे उंचवटे एकमेकांना चिकटून बसले. "आता डोळे मीट आणि बोटाने चाचप. खाच लागते का हाताला?" लागत नव्हती. "मग बसलंय. तिथेच टाचणी लाव." तेव्हापासून रेवतीच्या चौकोनांचे कोपरे चुकले नाहीत. शाळेत तिने कितीतरी मुलींना डोळे मिटून चाचपायला लावलं.

तर आता तिने सगळ्यांचे तुकडे उसवले. दुपारचं जेवण आवरलं की खिडकीशी बसायचं, उसवायचं, इस्त्री करायची, पुन्हा कापायचं, पुन्हा शिवायचं. जॉर्जेटला मागून पातळ सुती कापड लावलं. टी-शर्टलाही. गोंदवाला तुकडा पाण्यात भिजत घातला. तिच्याभोवती खोकी रचलेली, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि मध्ये ती मान खाली घालून. नंदकिशोर म्हणाला, "कशाला एवढं? म्हातारीला कुठे दिसतंय." उत्तर द्यायचं तर मशीन थांबवावं लागलं असतं.

शेवटी शेवटी क्षमाचा तुकडा आला. निशाच्या हाती आला, क्षमा स्वतः आली नाही.

क्षमा नाबर दुसऱ्या मजल्यावर राहायची, बरोबर रेवतीच्या घराखाली. दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून या बिल्डिंगमध्ये आल्या होत्या. मुलं जवळजवळ एकत्र वाढली. दुपारी एकीने दुसरीला हाक मारायची ती खिडकीतून, फोनची गरज नव्हती. पण बिल्डिंगचं प्रकरण निघालं आणि क्षमाचा नवरा बळवंत त्याच्या विरोधात उभा राहिला. मीटिंगांमध्ये नंदकिशोर आणि तो एकमेकांना नको नको ते बोलले. नवऱ्यांची बोलाचाली बंद झाली, मग हळूहळू बायकांचीही. जिन्यात भेटल्या तर एक भिंतीकडे सरकायची, दुसरी कठड्याकडे. गेल्या वर्षी बळवंत गेला. रेवती जाऊन बसून आली. क्षमाने तिच्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. रेवतीला जे बोलायचं होतं ते तसंच राहून गेलं.

क्षमाचा तुकडा उघडला तर जुन्या सुती साडीचे निळे चौकोन आणि अभ्र्याचे पांढरे. हाताने शिवलेले. आणि एक शिवण सरळ असेल तर शपथ. टाके कुठे लांब, कुठे आखूड, कुठे एकावर एक. कोपरे तर कुठल्या कुठे. रेवती ते बघत राहिली. ही तीच क्षमा, जिची भरतकामाची उशी बघून बायका तोंडात बोट घालायच्या. म्हणजे हे मुद्दाम केलंय. नंदकिशोरच्या बायकोच्या हातात जाणार म्हणून असं, कसंतरी, फेकल्यासारखं. 'कर आता सरळ, तुला मोठी हौस.' हे शब्द क्षमा बोललेली नसताना रेवतीला ऐकू आले.

तिने उसवणी घेतली आणि एकामागून एक टाके तोडले. रागात काम झटपट झालं. दुपारभरात निळे-पांढरे चौकोन मशीनवर असे जुळले, की सगळ्या गोधडीत तोच तुकडा उठून दिसावा.

वरचा पदर पूर्ण जोडून झाला तेव्हा निशाने सगळ्यांना रेवतीकडे बोलावलं. अस्तर लावायच्या आधी एकदा बघून घ्या म्हणून. खोकी बाजूला सारून जमिनीवर चटई घातली, तिच्यावर ते पसरलं. बायका भोवती उभ्या राहिल्या, आपापलं शोधू लागल्या. "माझा बघ कसला मस्त दिसतोय यार," निशा म्हणाली, आणि विनिताबेन फोटो काढू लागल्या.

क्षमा सगळ्यांच्या मागून आत आली. कितीतरी वर्षांनी तिने या घराचा उंबरा ओलांडला होता. ती गुडघ्यावर हात ठेवत खाली बसली, निळ्या-पांढऱ्या तुकड्यावरून एक बोट फिरवलं, आणि म्हणाली, "हा माझा नाही."

"काकू, असं काय? तुमच्याच साडीचा आहे की," निशा म्हणाली.

"साडी माझी आहे," क्षमा म्हणाली.

ती उठली. उठताना तिने खुर्चीला धरलं आणि खुर्ची टकटक वाजली. दाराशी चप्पल पायात जाईना, दोनदा निसटली. मग ती जिना उतरून गेली. बायका पुन्हा फोटो काढू लागल्या. रेवती मात्र त्या खुर्चीकडे बघत उभी होती.

संध्याकाळी ती खाली गेली. क्षमाने दार उघडलं आणि ते तसंच ठेवून आत वळली, म्हणजे ये. घरात अर्धं सामान बांधलेलं. क्षमाने पाण्याचा तांब्या उचलला, भांड्यात ओतायला गेली आणि अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. तिचा उजवा हात मनगटापासून थरथरत होता. डावाही थोडा.

"कधीपासून?" रेवतीने विचारलं.

"हे गेल्यानंतर सुरू झालं. आधी वाटलं, अशक्तपणा असेल. गोळ्या चालू आहेत." क्षमाने ओटा पुसला. "बस. उभी कशाला?"

रेवती बसली.

"मला वाटलं..." तिने सुरुवात केली आणि थांबली.

"काय वाटलं तुला?"

"तू मुद्दाम तसं शिवलंस असं वाटलं. मला राग आला होता. रागातच उसवलं मी."

क्षमाने तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "एकेका ओळीला एकेक दिवस लागला मला. सुईत दोरा सूनबाई ओवून जायची सकाळी. तो निसटला की दिवसभर बसून राहायचं. ती संध्याकाळी मुलुंडच्या ऑफिसातून परत येते, तिला किती सांगणार?" मग जरा हसल्यासारखं करून म्हणाली, "वाकडं होतं, मला दिसत नाही का? पण मृणालिनीताईंनी माझी दोन्ही बाळंतपणं काढली गं. म्हटलं, हाताने द्यावं."

रेवतीच्या तोंडून 'मला माफ कर' असं काही निघालं नाही. तिने विचारलं, "साडी उरलीय का?"

"उरलीय."

"मग उद्या दुपारी येते."

वर येऊन तिने तो तुकडा गोधडीतून काढायला घेतला. चारही बाजूंना शेजारच्या तुकड्यांशी जोडलेला, प्रत्येक कोपरा चाचपून बसवलेला. एक बाजू उसवली की शेजारची ओळ सैल पडायची. मान भरून आली. डोळ्यांत पाणी आलं, ते रडू होतं की नुसता ताण, तिला कळलं नाही. नंदकिशोरने विचारलं, "पूर्ण झालं होतं ना?" ती म्हणाली, "नव्हतं झालं." आणि मग, आयुष्यात क्वचितच म्हणाली असेल तसं, "आज खिचडी तुम्ही लावा. माझ्याने होणार नाही." त्याने जरा पाहिलं आणि कुकर शोधायला गेला. तो खोक्यात बांधलेला होता. शेवटी पाव आणून खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी खाली जाऊन बसू लागली. चौकोन रेवतीने कापले. क्षमा म्हणाली, "शिवणार मी." शिवायला लागली तर सुई कापडाच्या जवळ जाऊन हवेत घुटमळायची, मग एकदम कुठेतरी रुतायची. एक चौकोन जोडायला चहा थंड व्हायचा. रेवतीच्या हातांना सवय नव्हती नुसतं बघायची. ती बोटं एकमेकांत अडकवून बसायची.

"घेऊ का?" एकदा तिने न राहवून विचारलं.

"नको म्हटलं ना."

ओळी तयार झाल्या तेव्हा रेवतीने इस्त्री केली, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवून म्हणाली, "डोळे मीट. चाचप." क्षमाने डोळे मिटले. बोट थरथरत होतं, तरी ते शिवणीवरून जाताना अडखळलं आणि थांबलं.

"इथे खाच आहे."

"मग जरा सरकव. अजून. आता?"

"आता नाही."

रेवतीने तिथे टाचणी लावली. टाचण्या तिने लावायच्या, टाके क्षमाने घालायचे, असं आपोआप ठरून गेलं. मध्ये मध्ये बोलणं व्हायचं. बळवंतच्या शेवटच्या दिवसांचं क्षमाने थोडं सांगितलं. मीटिंगांचा विषय एकदाच निघाला. क्षमा म्हणाली, "त्यांना हे घर सोडायचंच नव्हतं. बाकी तुझ्या नवऱ्याशी वैर नव्हतं त्यांचं." रेवती म्हणाली, "यांना जिंकायचं होतं." मग तिने पुढची टाचणी लावली.

तुकडा पूर्ण झाला. टाचणीने धरून ठेवलेले कोपरेही शिवताना हलले होते. निम्मे जुळले, निम्मे तांदळाच्या दाण्याएवढे सरकलेले. एक तर चांगलाच चुकला. रेवतीने तो वर नेला आणि त्याच्या कडा शेजारच्या तुकड्यांशी जुळेनात तेव्हा शेजाऱ्यांची माया थोडी थोडी कमी-जास्त केली. इतक्या वर्षांत तिने बरोबर असलेली शिवण चुकीच्या शिवणीसाठी उसवली नव्हती. आता उसवली. फार बरं वाटलं असं नाही. पाठ दुखतच होती, आणि सामान नेणारा टेम्पो ठरलेला होता. पण अस्तर लागलं आणि गोधडी सपाट बसली.

मृणालिनीताई गेल्या त्या सकाळी खाली गडबड होती. गॅसची शेगडी कुणाला द्यायची, देव कुठल्या पिशवीत आहेत, जावई कुठे गाडी लावून बसलाय. निशाने गोधडी त्यांच्या हातात दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी ती उलट-सुलट करून पाहिली. "छान केलीत गं पोरींनो," म्हणाल्या. मग रेवतीला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मशीनमध्ये टाकली तर चालेल ना? लेक हाताने धुणारी नाही माझी."

"चालेल," रेवती म्हणाली.

कोणता तुकडा कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. गोधडी मागच्या सीटवर उशांवर ठेवली गेली आणि गाडी गेली. क्षमा आणि रेवती गेटपाशी जरा वेळ उभ्या राहिल्या. "बघितलंस?" क्षमा म्हणाली. "धुणार कशी, त्याची काळजी." रेवतीला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

पुढच्या आठवड्यात बिल्डिंग रिकामी झाली. क्षमा मुलासुनेबरोबर मुलुंडला गेली. रेवती आणि नंदकिशोर दिंडोशीला, म्हाडाच्या वसाहतीत भाड्याने. नव्या घरात रेवतीने मशीन उघडलंच नाही. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, "तुम्ही शिवता का हो?" रेवती म्हणाली, "शिवायचे." आणि दार लावून घेतलं. आपण असं वागू शकतो याचं तिला नवल वाटलं, थोडी लाजही वाटली.

क्षमाचा फोन यायचा. एक दिवस म्हणाली, "सुनेने मोठ्या डोक्याच्या टाचण्या आणल्यात मला. चार ओळी झाल्या. आता इस्त्री कुठल्या बाजूने, ते विसरले."

"एक उजवीकडे, एक डावीकडे."

"ते तोंडाने सांगू नकोस. ये."

दिंडोशी ते मुलुंड म्हणजे काही शेजारचं घर नव्हतं. रेवती 'बघू' म्हणाली, आणि दोघींनाही 'बघू'चा अर्थ ठाऊक होता. पण दोन आठवड्यांनी ती खरंच निघाली. नंदकिशोरला म्हणाली, "जेवण फ्रीजमध्ये आहे," आणि तो "कुठे?" विचारेपर्यंत जिना उतरली होती. दोन बस बदलून, पवईच्या ट्रॅफिकमध्ये ताटकळून ती पोचली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. घरात क्षमा एकटीच होती. तिने वरणभात वाढला, जरा सांडलवंड झाली, कुणी काही म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर रेवती म्हणाली, "आण ते चौकोन."

"आणते. तू आधी पड जरा."

"नको, मग उशीर होईल मला."

"रेवती," क्षमा म्हणाली, "आरशात बघितलंयस का स्वतःला? पड म्हणते ना."

रेवती पलंगावर आडवी झाली. दुसऱ्याच्या घरी, भर दुपारी, असं ती कधी आडवी झाली नव्हती. क्षमा खिडकीशी खुर्ची ओढून बसली, मांडीवर ओळी पसरल्या, आणि डोळे मिटून शिवणीवरून बोट फिरवू लागली. रस्त्यावर भाजीवाल्याची हाक आली आणि लांब गेली.

"चहाला उठवू का तुला?" क्षमाने विचारलं.

"नको उठवूस," रेवती म्हणाली. तिचा आवाज आधीच जड झाला होता.